दादा, ट्यूबचं नाव नंतर सांगते

अंबत्तूर, चेन्नई

प्रिय दादा,

म्हशीला आता कुठली ट्यूब सोडू, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दामच फोनवर दिलं नाही. दिलं असतं तर तू ती ट्यूब मेडिकलमधून आणली असतीस, संध्याकाळच्या धारेनंतर सोडली असतीस आणि आठवड्याने पुन्हा फोन केला असतास. हे पत्र उघडं लिहिते आहे, कारण पशुवैद्य म्हणून हाच प्रश्न मला इथल्या गोठ्यांतून तमिळमध्ये येतो आणि आपल्या वाळवा तालुक्यातून मराठीत. इंजेक्शनचं नाव सगळ्यांना हवं असतं. जंतू कुठला, हे कुणी विचारत नाही.

तू सांगितलंस त्यावरून चित्र असं दिसतं: मागचा उजवा सड, दुधात गुठळ्या, ताप नाही, वैरण नीट खाते. ट्यूब सोडली की दोन दिवस दूध साफ येतं आणि मग पुन्हा तेच. कासदाह आहे यात शंका नाही. पण कासदाह हे काही एका जंतूचं नाव नव्हे. शेणातून येणारा ई. कोलाय कासेत शिरला असता तर दूध पाण्यासारखं झालं असतं आणि म्हैस कदाचित एका रात्रीत आडवी झाली असती. तुझी उभी आहे, रवंथ करते आहे, म्हणजे तो बहुधा नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस असू शकतो. हा जिवाणू कासेच्या आत बारीक बारीक गळवं करतो, भोवती तंतूंची भिंत उभी राहते आणि औषध तिथपर्यंत पोचतच नाही. वरचे जंतू मरतात, आतले राहतात. तुझे ते ‘दोन दिवस बरं’ इथून आलेले असू शकतात.

मला दुसरीच शंका आहे, आणि ती तुला आवडणार नाही. बुरशी. यीस्ट सडाच्या कातडीवर, गोठ्याच्या फरशीवर, ओल्या फडक्यावर असतंच. आता तू ट्यूब कशी सोडतोस ते आठव. सडाचं टोक स्पिरिटने पुसतोस का? नळी सगळी आत घालतोस की टोकापुरतीच? एक ट्यूब अर्धी या सडात, अर्धी शेजारच्या सडात, असं झालं का? तू एकटा नाहीस, मी पाहिलेल्या बहुतेक गोठ्यांत हेच चालतं. नळीच्या टोकाबरोबर यीस्ट आत ढकललं जातं, आणि वरून अँटिबायोटिक ओतून आपण आतले जिवाणू मारतो. म्हणजे यीस्टला जागाही मोकळी करून देतो. एकापाठोपाठ एक ट्यूब सोडलेल्या कासेत बुरशीचा दाह होतो, हे पशुवैद्यकाच्या पुस्तकांत कधीपासून लिहिलेलं आहे. यीस्टच असेल तर पुढची ट्यूब, कितीही महाग असो, नुकसानच करील. ट्यूब बंद करायची आणि तो सड दिवसातून चार-पाच वेळा पूर्ण रिकामा करत राहायचं, इतक्यानेही कित्येक जनावरं काही आठवड्यांत सुधारतात.

तिसराही एक आहे, प्रोटोथेका नावाचा. तो जिवाणूही नाही आणि बुरशीही नाही, रंग हरवलेलं शेवाळ आहे ते. गोठ्यातल्या साचलेल्या घाण पाण्यातून येतो आणि त्याच्यावर औषधच नाही. तो निघाला तर सड आटवणं किंवा जनावर कळपातून काढणं, एवढंच उरतं.

जिवाणू आणि बुरशी यांत एवढा फरक का पडतो, हे एकदा नीट सांगते. हान्स क्रिस्टियन ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये बर्लिनमध्ये काचपट्टी रंगवण्याची एक पद्धत काढली. आमच्या टेबलावर ती अजून रोज चालते. नमुना काचेवर पसरायचा, जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुवायचं आणि शेवटी लाल रंग. ज्या जिवाणूंची भिंत जाड असते ते जांभळा रंग सोडत नाहीत. पातळ भिंतीचे धुऊन निघतात आणि लाल दिसतात. स्टॅफिलोकॉकस जांभळा, ई. कोलाय लाल. पेनिसिलिन ही भिंतच बांधू देत नाही, म्हणून जाड भिंतीच्या जांभळ्यांवर ते मुळात जास्त चालतं. यीस्टही या रंगात जांभळंच दिसतं, पण जिवाणूच्या कितीतरी पट मोठं आणि बाजूला कळी फुटलेलं. एकदा पाहिलं की चुकत नाही. त्याची भिंत कायटिन आणि ग्लुकनची. पेनिसिलिनला तिथे कामच नाही. शिवाय बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा म्हशीच्या आणि आपल्या पेशीच्या जास्त जवळची. त्यामुळे बुरशी मारणारं औषध पुष्कळदा जनावरालाही जड जातं, आणि म्हणूनच अशी औषधं मोजकी आहेत.

यात एक गंमत आहे, ती मला फार आवडते. जिवाणू मारणारं पेनिसिलिन आपल्याला बुरशीने दिलं. लंडनमध्ये १९२८ साली फ्लेमिंगच्या बशीत उगवलेली ती बुरशी तुला शाळेपासून माहीत आहे. आणि बुरशी मारणारं निस्टॅटिन दिलं एका जिवाणूने. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करायच्या. ब्राउन ऑल्बनीत, हेझन न्यूयॉर्क शहरात, आणि नमुने टपालाने जायचे-यायचे. हेझन सुट्टीत व्हर्जिनियातल्या एका मित्राच्या दूधधंद्याच्या शेतावर गेली होती, तिथली माती तिने बरोबर आणली. त्या मातीतल्या जिवाणूने बुरशी मारली. १९५० मध्ये दोघींनी ते जगापुढे मांडलं, जिवाणूला त्या शेतमालकाचं आडनाव मिळालं आणि औषधाला न्यूयॉर्क स्टेटचं. गोठ्याजवळची माती अशीही असते, दादा.

पण तीच माती मारतेही. आपल्याकडे घटसर्प, फऱ्या आणि फाशी ही तिन्ही नावं एका दमात घेतात, लसही पावसाळ्याच्या तोंडावर टोचतात, म्हणून लोकांना वाटतं तिन्ही एकच. तसं नाही. घटसर्पाचा जिवाणू, पाश्चुरेला, मातीत मुक्काम करत नाही. तो धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या नाकाघशातच राहतो. पहिला पाऊस, ओली वैरण, बाजारातून आणलेल्या जनावराचा थकवा, असं काही झालं की तो उसळतो. गळ्याखाली सूज, घरघर, आणि म्हैस कधीकधी चोवीस तासांत जाते. गाईपेक्षा म्हशीला हा जास्त भोवतो. फऱ्या मात्र मातीतला. त्याचे बीजाणू चाऱ्याबरोबर पोटात जातात, मांसात जाऊन गप्प पडून राहतात आणि मुका मार लागला की जागे होतात. सहा महिने ते दोन वर्षांचं, चांगलं खाऊनपिऊन तयार झालेलं वासरू लंगडतं, मांडीवर हात दाबला की कातडीखाली चरचर वाजतं. एका जनावराचा दुसऱ्याला तो सहसा लागत नाही. एकाच शिवारात दोन-तीन वासरं गेली तर दोष त्या शिवाराचा.

फाशीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेव: मेलेलं जनावर फाडायचं नाही. रॉबर्ट कॉखने १८७६ मध्ये याच रोगाच्या जंतूचं सगळं जीवनचक्र मांडलं. एका विशिष्ट जंतूने विशिष्ट रोग होतो, हे पहिल्यांदा नीट सिद्ध झालं ते या जनावरांच्या रोगावर. तेव्हा तो एका लहानशा गावात सरकारी डॉक्टर होता, फावल्या वेळात घरीच हे काम करायचा. या जंतूला बीजाणू व्हायला मोकळी हवा लागते. बंद शरीरात सडण्याच्या क्रियेत तो काही दिवसांत आपोआप मरतो. कातडं सोललं, पोट फाडलं, रक्त मातीत गेलं, की बीजाणू झाले, आणि ते माती दशकानुदशकं धरून ठेवते. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर इंग्रजांनी १९४२ मध्ये युद्धासाठी या जंतूचे प्रयोग केले. १९८६ मध्ये फॉर्मलीन आणि समुद्राचं पाणी मिसळून बेट धुवावं लागलं, आणि १९९० मध्ये ते सुरक्षित म्हणून जाहीर झालं. एका लहानशा बेटाची ही कथा. म्हणून जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त आलं, तर चाकू लावायचा नाही. डॉक्टरला बोलवायचं, ते कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतील. मग खोल खड्डा आणि चुना.

तुला सांगायला हवं, या शास्त्राची भारतातली सुरुवात आपल्या पुण्यात झाली. इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ९ डिसेंबर १८८९ रोजी तिथे सुरू झाली, आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. भर वस्तीत असले जंतू वाढवणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. १८९७ मध्ये कॉख स्वतः तिथे येऊन गेला. मद्रासमध्ये वेपेरीचं पशुवैद्यक महाविद्यालय १९०३ चं. राणीपेटची लस बनवणारी संस्था १९३२ ची, आणि आपल्या पुण्यातल्या औंधची तिच्यापेक्षा तरुण. तुझ्या वासरांना टोचली जाणारी घटसर्पाची लस ही अशा सरकारी, कुणी नाव न घेणाऱ्या इमारतींत तयार होते. एरवी आपण सरकारला शिव्या घालतो, त्या घालाव्यात, पण लस चुकवू नये.

आता तू विचारशील, तुझ्या अंबत्तूरला हे रोग कुठले? तिथे तर कारखाने. खरं आहे, औद्योगिक वसाहत साठच्या दशकातली, रस्त्यांवर ट्रकच ट्रक. पण वसाहतीच्या मागे गल्ल्यांत गाई आहेत, तळं आहे, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागराचा पाऊस आहे. तुमचा पावसाळा संपतो तेव्हा आमचा सुरू होतो. गटार, तळं आणि अंगण यांचं पाणी एक झालं की इथला खरा रोग डोकं काढतो, लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मूत्रपिंडात हा मळसूत्रासारखा पिळाचा जिवाणू सुखाने राहतो आणि मुतातून पाण्यात येतो. कुत्रा त्या पाण्यात चालला, गाय ते पाणी प्यायली, माणूस फुटलेल्या टाचेने त्यात उभा राहिला, तिघांनाही तो लागतो. कुत्र्याचे डोळे पिवळे होतात, लघवी बंद होते. गाय गाभडते किंवा एकाएकी दूध कमी होतं, कास मऊच राहते. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईने हा रोग पाहिला आहे. डिसेंबर २०१५ च्या चेन्नईच्या पुराचं पाणी ओसरलं तेव्हा इथल्या डॉक्टरांना पहिली धास्ती त्याचीच होती. इथे पावसाळ्यात तापाचा कुत्रा आला की मी आधी विचारते, घरात पाणी शिरलं होतं का? औषधाची पाळी त्यानंतर.

आणि दमटपणा. इथल्या हवेत कुत्र्यांचे कान म्हणजे बुरशीचं माहेरच. काळपट, आंबूस वासाचा मळ निघतो, काचेवर घेतला की शेंगदाण्याच्या आकाराचं यीस्ट खच्चून भरलेलं दिसतं. त्यात लोक मुलाचे उरलेले कानाचे थेंब घालतात. गाईच्या वासरांना डोळ्याभोवती राखाडी खपल्यांचं गजकर्ण होतं. त्याचे कण गोठ्याच्या लाकडी खांबांवर वर्षभरही टिकतात आणि वासरू पुसणाऱ्याच्या हातावर येतात. वासरांचं गजकर्ण बरेचदा दोन-चार महिन्यांत आपोआप जातं. माणसाचं चिघळतं ते दुकानातल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने. वहिनीच्या मनगटावरचा तो गोल डाग तू सांगितलास, त्याला तसलं मलम लावू नका. आणि वासरं पाहून घे, बहुधा तिथेच सापडेल.

बुरशीची आणखी एक तऱ्हा आहे. ती अंगात शिरत नाही, चाऱ्यात बसून विष करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पिल्लं मेली. कुणाला रोग कळेना. शेवटी ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड निघाली. तिच्यात अॅस्परजिलस बुरशीने केलेलं अफ्लाटॉक्सिन होतं. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर, बांसवाडा आणि पंचमहाल भागांत, पावसात भिजलेला बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं यकृत निकामी होऊन गेली. तोच मका खाल्लेली घरची कुत्रीही गेली. गाय किंवा म्हैस हे विष खाते तेव्हा त्याचा शेकडा एक-दोन भाग रूप बदलून, एम१ म्हणून, दुधात उतरतो. चोवीस तासांच्या आत. उकळून जात नाही, पाश्चरीकरणाने जात नाही. चारा बदलला की मात्र काही दिवसांत दूध साफ होतं.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळ फारशी सापडली नाही, जिचा आपण एवढा गाजावाजा करतो. ३६८ नमुन्यांत एम१ मर्यादेच्या वर होतं, आणि त्यांत सगळ्यात जास्त तामिळनाडूचे, ५५१ पैकी ८८. मर्यादा आहे किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. ७७ नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंशही मर्यादेच्या वर होते. अंबत्तूरला आविनची, म्हणजे तामिळनाडूच्या सहकारी दूध संघाची, मोठी डेअरी आहे, तिथे रोज टँकर येतात. हे आकडे वाचल्यापासून मला ते टँकर दिसले की त्यांच्यामागची दमट गोदामं दिसतात. कुठल्या एका डेअरीचा यात दोष काढणं सोपं आहे आणि चूक आहे. गोष्ट पेंडीच्या पोत्यापासून सुरू होते. इथे गाईला भाताचा पेंढा, वैक्कोल, घालतात. तो पावसात भिजतो, आतून गरम होतो, काळा पडतो, आणि वरची बुरशी झटकून तोच पुढे टाकतात. भाताच्या अशाच बुरशी लागलेल्या पेंढ्याने पंजाबकडे म्हशींची शेपटी, कान आणि खूर झडल्याच्या नोंदी आहेत. डेगनाला म्हणतात त्याला. बुरशी झटकली तरी विष जात नाही, उन्हात घातलं तरी जात नाही. तुझी सरकी पेंड आणि शेंगदाणा पेंड फरशीवर ठेवू नकोस, खाली लाकडी फळ्या घाल, भिंतीपासून हातभर लांब. गठ्ठी झालेली पेंड स्वस्त मिळते म्हणून आणू नकोस. दादा, हे मी तुला ओळखते म्हणून लिहिते.

कालवडी-रेड्यांबद्दल एक राहिलं. चार ते आठ महिन्यांच्या मादी पिल्लांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच टोचतात. सप्टेंबर २०१९ पासून सरकारी कार्यक्रमात ती मिळते. नरांना द्यायची नाही, गाभण जनावराला तर मुळीच नाही, कारण लस जिवंत जंतूची आहे. हा जिवाणू पेशीच्या आत लपतो, म्हणून जनावरात त्याच्यावर उपचार करत बसण्यात अर्थ नसतो. सातव्या-आठव्या महिन्यात म्हैस गाभडली, वार अडकली, तर उघड्या हाताने वार ओढू नका. गुराख्यांना आणि आम्हा डॉक्टरांना महिनोन् महिने ये-जा करणारा ताप आणि सांधेदुखी बहुतेक वेळा इथूनच लागते.

आता तुझी म्हैस. आधी बाकीचे तीन सड तपास. अर्धा लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम धुण्याची पावडर विरघळव. प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या वाटीत थोडं घे, तेवढंच हे पाणी घाल, गोल फिरव. जेलीसारखं घट्ट झालं तर त्या सडातही दाह आहे, दूध वरून कितीही स्वच्छ दिसो. पांढऱ्या पेशी फुटून त्यांच्यातला डीएनए बाहेर येतो, त्याने ते दाटतं. जंतू कुठला हे मात्र त्यावरून कळत नाही, त्यासाठी नमुना पाठवावा लागेल.

ट्यूब बंद करून आठवडा होऊ दे, नाहीतर औषधाच्या अंशामुळे जंतू उगवायचे नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यातून निर्जंतुक बाटली आण. कास धुऊन कोरडी कर, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पूस, बोळ्यावर मळ दिसेनासा होईपर्यंत नवा बोळा घे. पहिल्या तीन-चार धारा सोडून दे. बाटली तिरकी धर, झाकणाची आतली बाजू खाली ठेवू नकोस, बाटलीच्या तोंडाला सड लागू देऊ नकोस. दोन-तीन चमचे दूध पुरे. बाटलीवर सड, तारीख आणि आतापर्यंत दिलेली सगळी औषधं लिही. बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी दवाखान्यात दे आणि औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेकडे पाठवायला सांग. ‘जिवाणू आणि बुरशी, दोन्हींसाठी’ असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घे. बुरशीला वेगळं माध्यम लागतं, सांगितलं नाही तर कधीकधी लावतच नाहीत. जिवाणूचा अहवाल दोन-तीन दिवसांत, बुरशीला थोडे जास्त.

तोवर त्या सडाचं दूध डेअरीला घालायचं नाही, रेडकालाही पाजायचं नाही, आणि गोठ्याच्या दारात ओतायचं नाही. ट्यूबच्या खोक्यावर दूध किती दिवस बंद ठेवायचं ते छापलेलं असतं, ते बाकीच्या तिन्ही सडांनाही लागू आहे. धार काढताना ही म्हैस सगळ्यात शेवटी घ्या. अहवाल आला की फोटो पाठव, अक्षर लागलं नाही तरी पाठव.

मुलांना आशीर्वाद, वहिनीला आणि आईला नमस्कार.

तुझी,
बहीण